'व्हेरी' म्हणजे खरं: इंग्रजीतल्या 'खूप'ची हजार वर्षं

इंग्रजी सुधारायच्या कुठल्याही रीलमध्ये एक यादी हमखास असते. 'व्हेरी' म्हणू नका, त्याऐवजी 'एक्स्ट्रीमली' म्हणा, 'हायली' म्हणा, 'टेरिबली', 'प्रिटी', 'क्वाइट' म्हणा. जणू सगळे एकाच मापाचे नटबोल्ट, एक काढला की दुसरा बसलाच. पण हे शब्द एका मापाचे नाहीत. कुणी नवा आहे, कुणी झिजलाय, कुणी तर साफ उलटा फिरलाय. आज त्यांचा इतिहास बघू.

सुरुवात त्या बिचाऱ्या 'व्हेरी'पासून. मूळ लॅटिन शब्द 'वेरुस', म्हणजे खरा. तो फ्रेंचमध्ये 'व्हेराय' झाला आणि 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची जी रांग लागली, तिच्यातून तो इंग्रजीत शिरला. तेव्हाही अर्थ 'खरा' असाच. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये सरदाराचं वर्णन करताना हा शब्द वापरलाय, आणि तिथे तो 'खूप' नाही, 'खराखुरा' या अर्थाने आहे. मग 'खरंच चांगला' म्हणता म्हणता 'खरंच'मधला खरेपणा गळून गेला आणि नुसता जोर उरला. आपणही 'खरंच भारी आहे यार' म्हणतो तेव्हा खऱ्याखोट्याचा निवाडा करत नसतोच ना! जुना अर्थ एका कोपऱ्यात मात्र शिल्लक आहे. 'धिस व्हेरी मोमेंट' म्हणजे 'खूप क्षण' नाही, 'अगदी हाच क्षण'.

बरं, 'व्हेरी'च्या आधी लोक काय म्हणायचे? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'स्विदे' होता, मूळ अर्थ 'जोरात, ताकदीने'. तो आज पार मेलाय. मधल्या काळात 'वेल' आणि 'फुल' आले, मग 'राइट' आला. ब्रिटनमध्ये मंत्र्यांना 'राइट ऑनरेबल' म्हणतात, त्यातला 'राइट' म्हणजे 'बरोबर' नाही, 'अतिशय'. सोळाव्या शतकापासून 'व्हेरी'ने या सगळ्यांना मागे टाकलं. शेजारच्या जर्मनमध्ये तर 'खूप'ला 'झेअर' म्हणतात, आणि त्याचं मूळ आहे दुखणं. इंग्रजीतला 'सोअर' हा त्याचाच भाऊ.

म्हणजे बघा, जोर द्यायला माणूस काय काय उसनं आणतो: सत्य, ताकद, वेदना. आणि भीती! 'टेरिबल' म्हणजे थरकाप उडवणारं, 'ऑफुल' म्हणजे धाक बसवणारं. एकोणिसाव्या शतकात येईपर्यंत इंग्रज मंडळी 'ऑफुली नाइस' म्हणायला लागली होती. हसू नका, आपणही 'भयंकर गोड' म्हणतोच.

यावर चिडणारे लोकही जुनेच आहेत. लॉर्ड चेस्टरफील्ड नावाच्या उमरावाने 1754 मध्ये, म्हणजे सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश यायच्या आदल्या वर्षी, 'द वर्ल्ड' या साप्ताहिकात बायकांच्या भाषेची टिंगल केली. त्यांचा लाडका शब्द होता 'व्हास्टली', म्हणजे विशाल प्रमाणात. त्याने किस्सा दिलाय की एका बाईने तपकिरीची इवलीशी सोन्याची डबी हातात घेतली, आणि ती 'विशाल' छोटी आहे म्हणून 'विशाल' सुंदर आहे असं म्हणाली! किस्सा मस्त आहे, पण साहेब स्वतः 'व्हेरी' बिनधास्त वापरत होते, आणि तोही असाच घसरत आलेला शब्द.

आपल्या पिढीचा शब्द म्हणाल तर 'सो'. 2005 मध्ये सॅली टॅग्लियामाँटे आणि क्रिस रॉबर्ट्स या भाषाशास्त्रज्ञांनी 'फ्रेंड्स' मालिकेतले संवाद अक्षरशः मोजले. 'व्हेरी' आणि 'रिअली' दोघांच्याही पुढे 'सो' निघाला, आणि तो बायकांच्या पात्रांच्या तोंडी जास्त. अडीचशे वर्षांनी पुन्हा तेच. नवा शब्द बहुतेकदा बायका आणि तरुण पोरं आणतात, बाकीचे आधी नाकं मुरडतात आणि नंतर तोच वापरतात.

आता उलट्या दिशेचे शब्द, म्हणजे जोर कमी करणारे. गडबड खरी इथे होते. 'क्वाइट'चा मूळ अर्थ 'पूर्णपणे'. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे आजही साफ अशक्य. पण 'क्वाइट गुड'? अमेरिकन माणसाच्या तोंडी बऱ्यापैकी कौतुक, ब्रिटिश माणसाच्या तोंडी अनेकदा 'ठीक आहे, चालेल'. तुमचा क्लायंट लंडनचा असेल आणि डेमोनंतर 'क्वाइट गुड' म्हणाला, तर पार्टी जरा थांबवा.

याचा सगळ्यात गंभीर किस्सा कोरियन युद्धातला. एप्रिल 1951, इमजिन नदी. ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन चिनी सैन्याने वेढली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांच्या वर अमेरिकन जनरल रॉबर्ट सोल होते. परिस्थिती कशी आहे असं त्यांनी विचारल्यावर ब्रॉडी म्हणाले 'अ बिट स्टिकी', असं सांगितलं जातं. ब्रिटिश कानाला याचा अर्थ: वाट लागली आहे. अमेरिकन कानाला: थोडं अवघड आहे, पण निभावतंय. त्यामुळे माघारीचा हुकूम वेळेत निघाला नाही, असा हा किस्सा.

मला स्वतःला सगळं खापर 'अ बिट'वर फोडणं पटत नाही. 24 एप्रिलला रणगाडे घेऊन सुटकेचा प्रयत्न झाला होता, तो डोंगरातल्या अरुंद वाटेवर फसला. युद्ध एका शब्दाने हरत नाही. पण दोन सेनापती एकच भाषा बोलत होते आणि 'थोडं' या शब्दाचं माप दोघांचं वेगळं होतं, एवढं मात्र त्यात दिसतं. 25 एप्रिलला टेकडी 235 वरून उरलेल्यांनी निसटायचा प्रयत्न केला. साधारण चाळीस जण आपल्या बाजूला पोचले, पाचशेहून जास्त युद्धकैदी झाले. त्या टेकडीला आता ग्लॉस्टर हिल म्हणतात.