जसेच्या तसे: ध्वनिमुद्रण जपण्याची सव्वाशे वर्षे

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहरजान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. तिथून हिंदुस्तानी संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय आपल्याकडे सुरू झाला. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा खयाल तीन मिनिटांत बसवायचा, तर विलंबिताला जवळजवळ फाटा द्यावा लागे आणि आलापी दोन-चार स्वरवाक्यांत आटपावी लागे. कर्ण्यातून आवाज घेण्याच्या त्या पद्धतीत खर्जातला भरीवपणा आणि अगदी वरचा कस मेणापर्यंत पोचतच नसे. ती अडचण १९२५ नंतर विजेवर चालणारे मायक्रोफोन आले तेव्हा कमी झाली. मुद्रित मेण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तिथे तबकड्या छापल्या जात, आणि कोणाचे गाणे आहे हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गौहरजान शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत. थोर गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांचाही आवाज ध्वनिमुद्रणात उरलेला नाही. म्हणजे काही आवाज मुद्रणात उरलेच नाहीत, जे मुद्रित झाले त्यातही बरेचसे बाहेर राहिले, आणि काय बाहेर ठेवायचे हे बहुतेक वेळा कलावंताने किंवा रसिकाने ठरवले नाही, साधनाच्या सोयीने ठरवले. ध्वनिमुद्रणाचा पुढचा सगळा इतिहास याच अंगाने वाचावा लागतो. त्याच अंगाने पाहिले, तर ‘लॉसलेस’ म्हणजे काहीही न गमावणाऱ्या साठवणीचे मोल आपण आजवर चुकीच्या ठिकाणी शोधत आलो आहोत, असे मला वाटते.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त संगीत मावू लागले. टेपमुळे सबंध मैफल मुद्रित करता येऊ लागली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि पुढे तिने गाणे घरोघर पोचवले. पण टेपचा एक दोष कोणालाच टाळता आला नाही. टेपवरून टेप काढली की खरखर वाढते, वरचे स्वर बोथट होतात, वेग किंचित हलतो. नकलेची नक्कल काढली की हेच दुप्पट होते. शिवाय टेप महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही आपले असंख्य जुने कार्यक्रम याच पायी गमावले. मूळ प्रत एकच आणि बाकी सगळ्या तिच्याहून उतरत्या, अशी ही व्यवस्था होती. लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओला १ जून २००८ रोजी आग लागली आणि तिथे ठेवलेल्या मूळ टेपांचे मोठे नुकसान झाले. किती मोठे, हे जगाला कळायला २०१९ साल उजाडले.

ही उतरंड मोडण्याची संधी १९८२ मध्ये सीडीने दिली. आवाजाच्या लहरीची सेकंदाला ४४,१०० मापे घ्यायची आणि प्रत्येक माप १६ बिटांच्या आकड्यात लिहायचे, एवढेच तिचे तत्त्व. आकड्यांची नक्कल मुळाइतकीच अस्सल असते. शंभरावी प्रत आणि पहिली प्रत यांत फरक राहत नाही. अडचण जागेची होती. दोन वाहिन्यांचे असे एक तासाचे संगीत सुमारे ६३५ मेगाबाइट होते, आणि १९९० च्या सुमारास घरगुती संगणकाच्या सबंध डिस्कमध्येही तेवढी जागा नसे. त्यावर जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो तोडगा काढला, तो एमपी-थ्री या नावाने घरोघर गेला. एका मोठ्या स्वराच्या आड लगतचा बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही; मग तो लिहायचाच कशाला, हा त्यामागचा विचार. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रचलित प्रमाणात तो सीडीच्या अकराव्या हिश्शात संगीत बसवतो. ही विद्वत्तेची कामगिरी आहे आणि ज्या कामासाठी ती केली त्यासाठी उत्तम आहे. चूक वापरणाऱ्यांची झाली. ऐकण्यासाठी केलेली प्रत लोकांनी जपण्याची प्रत मानली, आणि संग्रह एमपी-थ्रीत उतरवून झाल्यावर मूळ कॅसेटी रद्दीत निघाल्या. तीन मिनिटांच्या तबकडीने जे नाइलाजाने केले, ते आता हौसेने होऊ लागले.

काहीही न टाकता आकार कमी करण्याचा मार्ग याहून जुना आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की माहितीत जेवढे अनपेक्षित असते तेवढेच लिहावे लागते. ज्याचा अंदाज आधीच बांधता येतो, ते पुन्हा लिहिण्याची गरज नसते. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड आणि क्वचित येणाऱ्याला लांब संकेत देण्याची पद्धत मांडली. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत रॉबर्ट राइस यांनी अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी एक सुटसुटीत संकेतपद्धती बसवली. लहान आकडे थोड्या बिटांत लिहिणारी ही पद्धत यानावरच्या तुटपुंज्या संगणकालाही झेपावी अशी होती. याच प्रयोगशाळेने १९७७ मध्ये व्हॉयेजर याने सोडली, आणि त्यांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसपाशी पोचले, तेव्हा त्याने प्रत्येक चित्रबिंदूचे सबंध मूल्य न पाठवता शेजारच्या बिंदूशी असलेला फरक पाठवला, आणि बिटांची संख्या निम्म्याहून खाली आणली. केसरबाईंचा आवाज घेऊन गेलेल्या यानाने वापरलेली ही फरक लिहिण्याची युक्ती आणि राइस यांची संकेतपद्धती, या दोहोंवरच आज संगीत जसेच्या तसे साठवण्याचे शास्त्र उभे आहे.

नव्वदच्या दशकात केंब्रिज विद्यापीठातल्या टोनी रॉबिन्सन यांनी ‘शॉर्टन’ हा प्रोग्राम लिहून हा विचार ध्वनीला लावला. कलावंतांच्या संमतीने मैफली मुद्रित करून आपसांत वाटणाऱ्या अमेरिकी रसिकांनी तो उचलला, कारण प्रतीची प्रत काढताना होणारी झीज त्यांनी टेपवर वर्षानुवर्षे सोसली होती. पुढे जॉश कोल्सन यांनी ‘फ्लॅक’ लिहिले. जुलै २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली, २००३ मध्ये ते झिफ या संस्थेच्या छत्राखाली आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ या क्रमांकाने इंटरनेटचे अधिकृत मानक झाले. त्याचे काम कसे चालते, हे एका क्षणापुरते पाहू. लागोपाठची चार मापे ४१२०, ४१५६, ४१८८, ४२१६ अशी आहेत. त्यांतले फरक ३६, ३२, २८. म्हणजे फरक दर वेळी चाराने घटतो आहे. तेव्हा पुढचे माप ४२४० असावे, असा अंदाज फ्लॅक बांधते. प्रत्यक्षात ते ४२४३ निघाले, तर फक्त ३ हा फरक लिहायचा. १६ बिटांचे काम चार-पाच बिटांत होते. उघडताना तोच अंदाज पुन्हा बांधायचा आणि ३ मिळवायचे, की मूळ आकडा अचूक परत येतो. एरवी चार हजारभर मापांचा एक गट करून हे चालते आणि प्रत्येक गटासाठी अंदाजाचे सूत्र नव्याने निवडले जाते. सीडीवरचे संगीत यामुळे साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसते, आणि एकही बिट बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की चांगल्या प्रतीचा एमपी-थ्री आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना ऐकू येत नाही. आक्षेप खरा आहे. कोणते कोणते हे न सांगता दोन्ही ऐकवले, तर वरच्या प्रमाणातला एमपी-थ्री ओळखणे सरावलेल्या कानालाही अवघड जाते. लॉसलेसचा कैवार केवळ गोडव्याच्या जोरावर घेणारे इथेच हरतात. पण जपणूक आजच्या कानासाठी नसते. जुन्या तबकड्या प्रत्येक वेळी ७८ फेऱ्यांच्या ठरलेल्या वेगानेच मुद्रित झालेल्या नाहीत. गायकाची खरी पट्टी मिळवायची तर वेग मागाहून दुरुस्त करावा लागतो. खरखर काढावी लागते, दबलेला आवाज वर आणावा लागतो. एमपी-थ्री जे टाकतो ते ‘दुसऱ्या स्वराआड झाकलेले आहे’ या भरवशावर टाकतो, आणि दुरुस्तीचे काम नेमके झाकलेले उघडे करण्याचे असते. आवरण काढल्यावर खाली काहीच नाही, अशी गत होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखिते तपासून मुख्य पाठ वर दिला आणि वगळलेले पाठभेद तळटीपांत नोंदवून ठेवले. संपादकांचा निर्णय पटला नाही, तर पुढच्या अभ्यासकाला तो फिरवता यावा म्हणून हा खटाटोप होता. ध्वनीच्या बाबतीत लॉसलेस हीच सोय देते: काय फालतू आणि काय मोलाचे, हे पुढच्यांना नव्याने ठरवता येते.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. जुन्या तबकडीत मुळात आवाज थोडा आणि खरखरच फार; मग ती खरखर बिटागणिक जपण्यात काय शहाणपण? त्यातही गंमत अशी, की खरखरीचा अंदाज बांधता येत नसल्याने फ्लॅकची सर्वाधिक जागा तीच खाते. तंबोऱ्याचा अखंड सूर थोडक्यात लिहिला जातो, लाखेवरचे ओरखडे लिहिताना बिट खर्ची पडतात. तरीही ती आत्ताच पुसून टाकणे घातक आहे. खरखर काढणाऱ्या प्रत्येक पद्धतीने तिच्याबरोबर थोडा आवाजही जातो. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांचा घर्षणध्वनी आणि सारंगीच्या गजाचा स्पर्श खरखरीच्या जातीचाच असतो. वीस वर्षांपूर्वी ‘स्वच्छ’ करून बाजारात आणलेल्या अनेक जुन्या ध्वनिमुद्रणांत गायकाचा श्वासच हरवला आहे. आजच्या पद्धती त्याहून सरस आहेत, उद्याच्या आणखी सरस असतील. पण त्यांना काम करायला न धुतलेली प्रत हवी. राहिला जागेचा हिशेब. साडेतीन मिनिटांची एकवाहिनी तबकडी २४ बिट आणि सेकंदाला ९६,००० मापे या उच्च प्रमाणावर घेतली, तरी न दाबता सुमारे ६० मेगाबाइट होते. चार टेराबाइटच्या एका डिस्कवर अशा पासष्ट हजारांहून अधिक बाजू मावतात. जागा नाही, ही सबब आता संपली आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयासाने, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांची आणि अजिबात न दाबलेली प्रत जपायला सांगितले आहे. कारण रास्त आहे. साध्या, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये एक बिट बिघडला तर एकच माप बिघडते. फ्लॅकमध्ये सबंध गट, म्हणजे सेकंदाचा सुमारे अकरावा भाग, हातचा जाऊ शकतो. मोठ्या संस्थेने वेव्हच ठेवावे, याला माझी हरकत नाही. पण घरगुती संग्राहकाची खरी अडचण वेगळी आहे. फाइल बिघडली आहे हेच त्याला वर्षानुवर्षे कळत नाही, आणि तोवर बिघडलेलीच प्रत चांगलीवर चढवली जाते. फ्लॅक प्रत्येक गटाबरोबर पडताळणीचा आकडा ठेवते, आणि फाइलच्या सुरुवातीला सबंध मूळ आवाजाची १२८ बिटांची एमडी-५ खूण लिहिते. एका आज्ञेसरशी हजारो फाइली तपासून कोणती दगा देते आहे हे सांगता येते. साध्या वेव्हमध्ये अशी खूण नसते. ती वेगळी सांभाळावी लागते, आणि घरी ती क्वचितच सांभाळली जाते. शिवाय हे मानक खुले आहे. एखादी कंपनी बुडाली तरी ते वाचणारा प्रोग्राम पुन्हा लिहिता येईल.

फ्लॅकमध्ये ठेवले म्हणजे सारे जपले गेले, असे मात्र नाही. तबकडी धुतली कशी, तिच्या खाचेला बेताची पिन लावली का, कॅसेटच्या यंत्राचे हेड सरळ होते का, यावर प्रतीचा कस तिथेच ठरतो. वाईट उतरवलेले गाणे लॉसलेस निष्ठेने वाईटच जपते. आणि डिस्क आज ना उद्या बंद पडतेच. महाराष्ट्रात या कामाला परंपरा आहे. देशातल्या ध्वनिसंग्रहांत महत्त्वाचे ठरलेले ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि नंतर दिल्लीकडे गेले. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संघटना मुंबईत १९९० मध्ये उभी राहिली. तरीही नाट्यपदांच्या, कीर्तनांच्या आणि खासगी बैठकींच्या असंख्य टेपा आजही घरांतल्या कपाटांत आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते आहे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. तेव्हा तबकड्यांच्या युगातल्या बहुतेक मुद्रणांच्या प्रती काढायला तो हक्क आड येत नाही. ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी ते जाणकाराकडून उतरवून घ्यावे, खरखर न काढलेली प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, ऐकायला हवी तर एमपी-थ्री वेगळी काढावी, मूळ प्रत दोन गावांत दोन डिस्कवर ठेवावी आणि वर्षातून एकदा तपासावी. टेपवरचा चुंबकीय थर झडतो आहे, ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. उतरवून घेण्याचे काम आत्ताच करावे लागेल. खरखर काढायला पुढे हवा तेवढा वेळ आहे.