आठवीनंतरचा दरवाजा कोणाच्या मालकीचा?

दरवर्षी 7 नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिन साजरा करतो. 1900 साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, वह्या वाटल्या जातात. पण ती शाळा कोणाची होती, हे क्वचितच कोणी सांगते. ते सरकारी हायस्कूल होते. पुढे मुंबईत बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि 1907 साली मॅट्रिक झाले. तेही सरकारी हायस्कूलच. वर्गात जातीचा जाच होता, पण दरवाजा सरकारच्या मालकीचा होता. म्हणून तो अस्पृश्याच्या मुलाला उघडावा लागला.

हा दरवाजा कोणी मेहेरबानी म्हणून उघडलेला नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारने मान्य केले, तरी एकासाठी बाकीच्यांचे शिक्षण धोक्यात येईल असे म्हणून त्याला परत पाठवले. 1858 साली मुंबई सरकारला स्पष्ट करावे लागले की, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लेखनात मुद्दाम नोंदवून ठेवले. त्या मुलाच्या अर्जाचे बळ एकाच गोष्टीत होते. शाळा सार्वजनिक पैशाची होती, म्हणून हक्क सांगता आला. खासगी शाळेच्या दारात हक्क सांगता येत नाही, विनंती करावी लागते.

1928 साली बाबासाहेबांनी दलितवर्ग शिक्षण संस्था काढली, ती हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालवण्यासाठी. ती ठाणे, नाशिक, पनवेल अशा ठिकाणी होती आणि धारवाडलाही होती. ज्या धारवाडने एका मुलाला परत पाठवले, तिथेच त्याच्या समाजाची मुले राहून हायस्कूल शिकू लागली. प्राथमिक शाळेने अक्षर येते, पण नोकरी, कॉलेज आणि सत्ता यांचा रस्ता हायस्कूलमधून जातो, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते.

आता 23 नोव्हेंबर 1948 ची संविधान सभा पाहू. सक्तीचे मोफत शिक्षण 14 ऐवजी 11 वर्षांपर्यंतच ठेवावे, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला आपण बंदी घालतो आहोत, मग ते मूल शाळेतच असले पाहिजे. म्हणजे 14 हा आकडा शिक्षण पुरे झाल्याचा नव्हता. मजुरीपासून मुलाला वाचवणारी ती भिंत होती.

त्या भिंतीचे पुढे काय झाले? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षे, म्हणजे आठवीपर्यंतच हक्क दिला. खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागाही आठवीलाच संपतात. दुसरीकडे 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्यानुसार 14 ते 18 वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांची मनाई आहे. चौदाव्या वर्षी एक कायदा शाळेचा हात सोडतो आणि त्याच वर्षी दुसरा कायदा कामाचा दरवाजा उघडतो. बाबासाहेबांनी जोडलेले दोन धागे जुळलेलेच आहेत, पण उलट्या बाजूने.

भिवंडीत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. यंत्रमाग, सायझिंग आणि नाशिक महामार्गालगतची गोदामे यांना हात हवेच असतात. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन, पद्मानगरचे तेलुगू पद्मशाली, मराठवाडा-विदर्भातून आलेले आपले बौद्ध बांधव, सगळ्यांची मुले याच वळणावर उभी असतात. इथे हायस्कूलचा भार मुख्यतः संस्थांनी उचलला. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल हे त्याचे मोठे उदाहरण. या संस्थांविषयी आम्हाला आदरच आहे. पण ज्या समाजाकडे संस्था नाही, त्याच्या मुलाने कुठे जायचे?

उत्तर 1949 च्या महानगरपालिका कायद्यात दडले आहे. कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कामे आहेत, त्यात प्राथमिक शाळा येतात. त्यापुढचे शिक्षण कलम 66 च्या ऐच्छिक कामांत. नळ आणि गटार बंधनकारक, नववी-दहावी मर्जीची! मुंबई महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळा चालवते, म्हणजे कायदा आड येत नाही. आड येते ती इच्छा.

अमेरिकेत हा वाद 1874 साली निकालात निघाला. मिशिगन राज्यातील कॅलामझू गावच्या काही करदात्यांनी कोर्टात तक्रार केली की, हायस्कूलसाठी कर घेता येणार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पुढे तिथे गावोगावी आणि उपनगरांतही सार्वजनिक हायस्कूल उभे राहिले. हद्दीत राहणाऱ्या मुलाचा त्यावर हक्क. पण आपण भारावून जाऊ नये. शाळेचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. 1973 साली सॅन अँटोनिओच्या गरीब पालकांनी ही विषमता न्यायालयात नेली आणि पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. पुढच्याच वर्षी डेट्रॉईटच्या खटल्यात ठरले की, काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र आणण्याची योजना उपनगरांवर लादता येणार नाही. 1954 च्या ब्राऊन निकालाने मोडलेली भिंत उपनगराच्या वेशीवर पुन्हा उभी राहिली. तिथे जात नाही, पण हद्द जातीचे काम करते.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. हायस्कूल सार्वजनिक असले पाहिजे, आणि त्याचा पैसा वस्तीच्या ऐपतीवर सोडता कामा नये, तो राज्याने दिला पाहिजे.

म्हणून युवक मित्रांनो, येत्या 7 नोव्हेंबरला हारासोबत एक कागदही घेऊन जा. आपल्या प्रभागातील पालिका शाळांतून गेल्या वर्षी किती मुले आठवी पास झाली आणि त्यांतील किती नववीत बसली, हे माहिती अधिकारात विचारा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात माध्यमिक शिक्षणाला किती रुपये आहेत, ते पाहा. धारवाडच्या त्या मुलाने एकट्याने अर्ज केला होता. आपण तर संघटित आहोत.

जय भीम!