चौकटीबाहेरची झाडं

1873 सालची हिवाळ्यातली सकाळ. पॅरिसच्या वायव्येचं पाँत्वाझ मागं टाकून तुम्ही एनरीच्या जुन्या रस्त्याला लागला आहात. रात्रीचं दहिवर नांगरटीवर गोठलंय. पाठीमागं पॉप्लरची झाडं आहेत. त्यांच्या लांबच लांब सावल्या तुमच्या पायांपासून निघून नांगराच्या तासांवर आडव्या पडल्या आहेत. एक म्हातारा पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन, काठी टेकत चालला आहे. तो तुमच्याकडे बघत नाही. थंडीत चुलीची सोय आधी.

जवळच ईझलपुढे दाढीवाला कामिय पिसारो उभा आहे. चाळिशी ओलांडलेली, जन्म कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्स-प्रशिया युद्ध संपल्यावर लुव्हसिएनच्या घरी परतला, तर प्रशियन सैनिकांनी घराची पार दैना केलेली आणि कितीतरी वर्षांची चित्रं नासलेली. तरीही तो पुन्हा शेतात उभा आहे.

त्याच्या कॅनव्हासकडे नीट पाहा. दहिवर म्हटल्यावर आपण पांढरा रंग शोधतो. इथं निळसर, हिरवट, पिवळसर फटकारे मातीत मिसळले आहेत. आणि म्हाताऱ्याला त्याने दीनवाणं केलेलं नाही, देवही केलेलं नाही. रस्ता, ढेकळं आणि माणूस एकाच उन्हात आहेत. माझ्या मते या चित्राचं मोठेपण इथंच आहे.

आता पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, पॅरिसला चला. बुलव्हार दे काप्युसीनवर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, पुढे ज्यांना इंप्रेशनिस्ट म्हटलं गेलं त्या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलंय. पिसारो दुःखात आहे. थोड्याच दिवसांपूर्वी त्याची लाडकी लेक मिनेत गेली. आणि भिंतीवरच्या त्याच चित्राची, ‘दहिवर’ची, इथं टिंगल चालली आहे. टीकाकार लुई लरुआ ‘ल शारिव्हारी’ या वृत्तपत्रात लिहितो की, ही तासं नव्हेत, मळक्या कॅनव्हासवर फासलेली पॅलेटची खरवड आहे. कास्तान्यारीसारख्या जाणत्या समीक्षकालाही एक गोष्ट खटकते: सावल्या दिसतात, मग झाडं चित्रात का नाहीत?

झाडं कुठं आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्यांच्याच खाली उभे होता. पिसारोने ती चौकटीबाहेर ठेवली, म्हणून बघणाऱ्याला त्या शेताच्या बांधावर जागा मिळाली. ज्याला चूक म्हटलं गेलं, ती मला या चित्रातली सर्वांत उदार गोष्ट वाटते.

या गटाची 1886 पर्यंत आठ प्रदर्शनं झाली. कधी मोने नव्हता, कधी रन्वार, एकदा देगाही. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा पिसारो एकटाच. ‘दहिवर’ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कधी तिकडे गेलात तर घाईने पुढं जाऊ नका. त्या सावल्यांच्या मुळाशी थोडा वेळ उभे राहा.