मांजरीला कोरडं खाद्य की ओलं? सुरतच्या हवेत काय चालतं

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या मराठी घरांत मांजर पाळायचं म्हणजे पूर्वी दूध-पोळी आणि बाकी तिचं ती बघेल, असा हिशेब होता. आता फ्लॅटमध्ये बंद राहणारी मांजर उंदीर मारत नाही, दिलेलं तेवढंच खाते. त्यामुळे दाणे द्यावेत की पाऊच, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर बरंचसं पाण्यात आहे.

पाण्याचा हिशेब
मांजरीचे पूर्वज वाळवंटी भागातले. शिकारीतूनच पाणी मिळायचं, म्हणून तिला तहान कमी लागते. कोरड्या दाण्यांत सुमारे १० टक्के पाणी असतं, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण २०० ते २५० मिली पाणी लागतं. ६० ग्रॅम दाण्यांतून जेमतेम ६ मिली मिळतं. ८५ ग्रॅमच्या तीन पाऊचमधून जवळपास २०० मिली.

बोक्याला धोका जास्त
पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबू शकते. वारंवार लघवीला बसणं, कण्हणं, थेंबही न येणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नये, लगेच पशुवैद्य गाठावा. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

दाणे का सोडवत नाहीत
ते स्वस्त पडतात, वाटीत दिवसभर टिकतात. मात्र १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात आणि घरातल्या मांजरीची दिवसाची गरज २०० ते २५० कॅलरी. वाटी कायम भरलेली ठेवली की मांजर जाड होते. दाण्यांनी दात साफ होतात, हाही समज फारसा खरा नाही. पावसाळ्यात सुरतच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर खराब होते; घट्ट झाकणाचा डबा वापरावा.

ओलं खाद्य उन्हाळ्यात तास-दीड तासात उचलावं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावं.

लेबल कसं वाचावं
दाण्यांवर प्रथिनं ३२ टक्के आणि पाऊचवर १० टक्के दिसली तरी पाऊच हलकं ठरत नाही. पाणी वजा केलं तर दाण्यांत सुमारे ३५ आणि पाऊचमध्ये ५० टक्के भरतात. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं हवं. नुसत्या ट्रीटवर मांजर जगत नाही.

शाकाहारी घरात
मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन हा घटक तिला मांस-मासळीतून मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. हृदयाशी असलेला संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवला. दूध-पोळी, डाळ-भात किंवा कुत्र्याचं खाद्य यावर तिला ठेवू नये. घरात मांस शिजत नसेल तर पॅकबंद खाद्य सोयीचं. कांदा-लसणाचा रस्सा मात्र कधीच देऊ नये.

मधला मार्ग
रोज एक पाऊच आणि ३५-४० ग्रॅम दाणे, दोन-तीन ठिकाणी ताजं पाणी, हे बहुतेक घरांना परवडतं. खाद्य बदलताना सात ते दहा दिवस घ्यावेत. मांजरीने दिवसभर तोंड लावलं नाही तर हट्ट करू नये. उपाशी मांजरीचं यकृत बिघडतं. मूत्रपिंड, मधुमेह किंवा खड्यांचा त्रास असेल तर आहार डॉक्टरांनीच ठरवावा.