बदचलनीचा आरोप आणि पोटगीचा हक्क

तलाकनंतर एखादी बाई पोटगी मागायला कोर्टात गेली, की नवऱ्याच्या लेखी जबाबात एक वाक्य बहुधा ठरलेले असते : अर्जदार बाईचे वर्तन चांगले नाही. साक्षीदार कोण, पुरावा काय, हे नंतरचे. एवढे वाक्य मोहल्ल्यात पोहोचले तरी नवऱ्याचे अर्धे काम होते. माहेर हादरते, जमातीतले वडीलधारे मध्ये पडायला कचरतात आणि शेवटी बाईच म्हणते, नको ती पोटगी, अब्रू राहू दे. या वाक्याला शरियतने आणि या देशाच्या कायद्याने खरोखर किती वजन दिले, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

सुरुवात मदिनेपासून करावी लागेल. पाकदामन स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला सूरह नूरमध्ये ८० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. नवऱ्याजवळ साक्षीदार नसतील तर त्याच्यासाठी लिआनची वेगळी वाट आहे. त्याने चार वेळा अल्लाहची शपथ घेऊन आरोप करायचा आणि पाचव्यांदा, आपण खोटे असू तर आपल्यावर लानत, असे म्हणायचे. बायकोनेही चार शपथा घेऊन तो नाकारायचा आणि पाचव्यांदा, नवरा खरा असेल तर आपल्यावर अल्लाहचा कोप, असे म्हणायचे. दोघांचे शब्द सारख्याच वजनाचे. तिने शपथ घेतली की तिची शिक्षा टळते आणि दोघे विभक्त होतात.

मग मेहेरचे काय? हा प्रश्न एका नवऱ्याने खुद्द पैगंबर (स.) यांनाच विचारला होता. हजरत इब्ने उमर (रजि.) यांची ती रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की तू खरा असलास तर ती रक्कम झालेल्या सहवासाच्या बदल्यात गेली आणि खोटा असलास तर तिच्यावर तुझा हक्क त्याहूनही कमी. आपल्या वाझांमधून लिआन क्वचित ऐकू येतो, हे उत्तर तर त्याहूनही क्वचित.

अपवाद नाहीत असे नाही. इद्दतीत स्त्रीला घराबाहेर काढू नका असे सूरह तलाक सांगते. दिलेल्यातले काही परत मिळवण्यासाठी तिला अडवून ठेवू नका असे सूरह निसा सांगते. दोन्ही ठिकाणी अश्लील वर्तनाचा अपवाद आहे, पण त्याला ‘मुबय्यिना’, म्हणजे उघड, स्पष्ट असे विशेषण जोडलेले आहे. संशयाला तिथे जागा नाही.

इंग्रजांनी वेगळाच दरवाजा उघडला. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८ सर्व धर्मांच्या बायकांसाठी होते. पोटगीची मर्यादा महिना ५० रुपये. त्याच कलमात एक अट होती : बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी नाही. १९७३ साली नवी संहिता आली, कलम १२५ झाले, ‘बायको’ या शब्दात तलाकशुदा स्त्रीचाही समावेश झाला, ५०० रुपयांची मर्यादाही २००१ साली उठली. अट मात्र तशीच राहिली. तिचा अर्थ न्यायालयांनी वेळोवेळी अरुंद केला, हे बरे झाले. ‘राहत असेल’ याचा अर्थ चालू, सततचे वर्तन. पूर्वी कधीतरी घडलेली एखादी चूक पुरत नाही आणि सिद्ध करण्याचा भार नवऱ्यावर असतो. लेखी जबाबातल्या त्या वाक्याची किंमत कायद्यापुढे एवढीच.

पण नवऱ्याच्या बेइमानीचे काय? १९४९च्या दुरुस्तीने कलम ४८८ला एक स्पष्टीकरण जोडले. नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा रखेल ठेवली, तर त्याच्याजवळ राहण्यास बायकोने नकार देणे वाजवी ठरेल आणि तिची पोटगी तुटणार नाही. शरियतने मला चार निकाहांची मुभा दिली आहे, मग हे मला कसे लागू होईल, असा बचाव मुस्लिम नवरे करीत. १९८७ साली बेगम सुबानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दुसरा निकाह कायदेशीर असेल, पण पहिलीच्या मनाला आणि संसाराला होणारी इजा त्यामुळे कमी होत नाही, असा त्या निकालाचा आशय. मला हा निकाल शाहबानो निकालाइतकाच मोलाचा वाटतो. त्यावर मोर्चे निघाले नाहीत, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहिला नाही.

शाहबानोची कहाणी सर्वांना पाठ आहे. १९८५चा निकाल, त्यावरचा गदारोळ आणि तो निकाल निष्प्रभ करण्यासाठी आलेला १९८६चा कायदा. महाराष्ट्रात मुस्लिम सत्यशोधक मंडळाने त्या कायद्याला विरोध केला आणि तो रास्तच होता. पण त्याचे कलम ३ आज शांतपणे वाचावे. तलाकशुदा स्त्रीला मेहेर, तिच्या वस्तू आणि इद्दतीच्या मुदतीत ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ मिळावी, असे ते म्हणते. तिच्या चारित्र्याची अट त्यात कुठेच नाही. २००१ साली दानियल लतीफी खटल्यात ही तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याचाही विचार करून द्यायची आहे, असा अर्थ लावला गेला. बाईला नागवण्यासाठी आणला म्हणून ज्याला आपण नावे ठेवली, त्या कायद्यात बदचलनीच्या आरोपाला टेकायला कलमच सापडत नाही.

कलम ४९७ने व्यभिचार हा फक्त पुरुषाचा, तोही दुसऱ्या नवऱ्याविरुद्धचा गुन्हा मानला होता. ते कलम २०१८ साली रद्द झाले. पोटगीतली अट मात्र जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये जशीच्या तशी आली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कायदा आणि १९८६चा कायदा हे दोन्ही मार्ग खुले आहेत, असा निर्वाळा दिला. तेव्हा तिच्या वकिलाने अर्ज लिहायला बसण्याआधी दोन्ही कायदे समोर ठेवावेत. एका कायद्यात नवऱ्याच्या त्या वाक्याला उत्तर द्यावे लागते, दुसऱ्यात त्याला अर्थच उरत नाही.