हृदयाच्या शिरांचा नकाशा

टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला जाताना आपण काळू नदी पाहिली असेल. ही नदी पुढे उल्हासला मिळते. तिला कोणता ओढा कोठे मिळतो, हे काठच्या माणसाला तोंडपाठ असते. पण ते ज्ञान दुसऱ्या नदीवर चालत नाही. हृदयाच्या शिरांचेही असेच आहे. माणूस बदलला, की नकाशा बदलला!

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते, तसे त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते धमन्यांतून येते आणि नीलांतून, म्हणजे शिरांतून, परत जाते. बहुतेक नीला हृदयाच्या मागच्या अंगाला ‘कोरोनरी सायनस’ नावाच्या रुंद नीलेला मिळतात व ती उजवीकडच्या वरच्या कप्प्यात उघडते. काही बारीक नीला मात्र थेट कप्प्यांतच उघडतात, हे थेबेसिअस या जर्मन वैद्याने १७०८ साली दाखवले. पुढे १८५० मध्ये लंडनच्या जॉन मार्शल यांनी आणखी एका शिरेचा उलगडा केला. गर्भात छातीच्या डावीकडेही एक मोठी नीला असते. पुढे ती बहुधा आटून जाते. पण हजारांत तीन ते पाच जणांत ती जन्मभर टिकते.

हे सारे कळले ते मृतदेहांतून. पण समोर बसलेल्या रोग्याच्या छातीत काय आहे, ते कसे कळावे? १८९५ साली रेंटगेन यांना क्ष-किरण सापडले, तरी त्यांत हाडे दिसत, शिरा दिसत नसत. १९२९ साली फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच चालत जाऊन क्ष-किरणांचे चित्र काढवले! पुढे अशा नळीतून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडून शिरा पाहता येऊ लागल्या.

आपल्या मुंबईतही हृदयाचा शोध चालला होता. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना सर्पाच्या हृदयावरून एक कल्पना सुचली. कप्प्यातले रक्त सुईच्या छिद्रांतून थेट स्नायूला देता येईल काय? हे प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाले. अशी छिद्रे बुजतात, असे पुढे दिसून आले. पण याच सेनांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले.

१९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रोग्याच्या डोक्याचे चित्र काढले. हृदय मात्र सतत धडधडते. त्यामुळे त्याच्या बारीक शिरा टिपायला पुष्कळ वेगवान यंत्रे यावी लागली.

आता हे सारे कशासाठी? काही दुबळ्या हृदयांच्या दोन्ही बाजू एका तालात चालत नाहीत. तेव्हा कोरोनरी सायनसमधून एक तार डाव्या बाजूच्या शिरेत नेऊन बसवतात. ती शीर फार अरुंद असली किंवा नसलीच, तर तार न्यावी कोठून? मार्शल यांची ती डावी नीला टिकून असली, तर तार भलत्याच वाटेने जाते. आधी चित्र काढले, तर वाट आधी ठरवता येते.

म्हणून डॉक्टर ‘तुमची शीर वेगळी आहे’ म्हणाले, तर घाबरून जाऊ नये. वेगळेपण म्हणजे रोग नव्हे. शिक्षकांनी मुलांना आपापल्या दोन्ही हातांच्या पाठी पाहायला सांगावे. उजव्या हातावरच्या शिरा डाव्यासारख्या नसतात. शेजारच्या मुलाच्या तर नाहीच नाहीत!