विंडोज १० चा सपोर्ट संपला : घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा लॅपटॉप आला. नवा परवडत नव्हता, म्हणून अनेकांनी जुना, सेकंडहँड घेतला. आता तेच पालक शाळेत येऊन विचारतात, "सर, सपोर्ट संपला म्हणून स्क्रीनवर मेसेज येतोय. दुकानदार म्हणतो नवा घ्या. खरंच घ्यावा लागेल का?" अहिल्यानगर शहर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, मध्यमवर्गीय घरात हा खर्च म्हणजे मुलाच्या वर्षाच्या फीएवढा बोजा. म्हणून पैसे काढण्याआधी पुढची माहिती नीट वाचा.

नेमकं काय संपलं?

विंडोज १० हे जुलै २०१५ मध्ये आलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद केला. म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. फायली उघडतात, प्रिंटर चालतो, इंटरनेटही चालतं. बंद झालं ते दर महिन्याला फुकट येणारं सुरक्षा अपडेट. दाराला कुलूप आहे, पण त्यात खोट सापडली तर दुरुस्त करायला आता कोणी येणार नाही, असं समजा. हे पहिल्यांदा घडत नाहीये. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर २०२३ मध्ये क्रोम ब्राऊझरनेही विंडोज ७ साठी नवी आवृत्ती देणं थांबवलं. म्हणजे आधी सुरक्षा जाते आणि मग हळूहळू एकेक प्रोग्रॅम साथ सोडतो.

अपडेट न घेतल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. पसरताना या व्हायरसने विंडोजमधली अशी एक फट वापरली होती, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती.

विंडोज ११ का चढत नाही?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि चाव्या सुरक्षित ठेवणारी छोटी सोय. ती मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्येच असते. शिवाय प्रोसेसरही ठरावीक यादीतला हवा. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी रायझनचा साधारण २००० मालिकेपासून पुढचा.

तपासणं सोपं आहे. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाऊट उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेल आय-५ च्या पुढे ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. शंका असेल तर मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्रॅम चालवा, तो नक्की काय ते सांगतो. काही मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम होतं. तेव्हा 'होत नाही' हे दुकानदाराचं उत्तर तपासल्याशिवाय मानू नका.

आता रस्ते कोणते?

पहिला : मशीन यादीत बसत असेल तर विंडोज ११ घ्या. विंडोज १० अस्सल असेल तर हे अपग्रेड फुकट आहे.

दुसरा : बसत नसेल तर एक वर्षाची मुदतवाढ घ्या. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका अकाउंटवर दहा मशीन चालतात. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र हवी. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचं बटण दिसतं. बहुतेक घरांसाठी आज हाच सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.

तिसरा : लिनक्स. 'लिनक्स मिंट' फुकट मिळतं, किमान २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, जमलं तरच टाका. टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून आधी सगळ्या फायली दुसरीकडे कॉपी करा. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षांपासून मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म यांना ते पुरतं.

चौथा : मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त टायपिंग, प्रिंटिंगसाठी ठेवा.

एक रस्ता टाळा. काही ठिकाणी अटींना बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देतात. ते चालतं, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग पैसे देऊन मिळवलं काय?

उर्दू शाळा, मदरसे आणि ट्रस्टच्या ऑफिससाठी

आपली एक वेगळी अडचण आहे. उर्दू प्रश्नपत्रिका, दावतनामे, अहवाल वर्षानुवर्षं इनपेजमध्ये तयार झालेत, आणि इनपेज विंडोजवरचं आहे. मराठीतही जुन्या फॉन्टमधल्या फायली आहेत. लिनक्सवर गेलात तर त्या नीट उघडणार नाहीत. उपाय असा : एक जुनं विंडोज मशीन इंटरनेटशिवाय फक्त या कामाला ठेवा आणि महत्त्वाच्या फायली हळूहळू युनिकोडमध्ये आणा. युनिकोड उर्दू, मराठी मोबाईलवरही उघडतं. सोबत प्रत्येक फाईलची पीडीएफ काढून ठेवा.

घरगुती मुदतवाढ संस्थांसाठी नाही. शैक्षणिक संस्थांना वेगळा, स्वस्त दर आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनला १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. त्यासाठी अधिकृत विक्रेत्याशी बोलावं लागतं. वक्फ मालमत्तांची 'उम्मीद' पोर्टलवर नोंद, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँकेचे व्यवहार ही कामं ज्या मशीनवर होतात, त्यावर लोकांची कागदपत्रं असतात. ते मशीन अपडेटशिवाय ऑनलाइन ठेवू नका.

सेकंडहँड घेताना आणि जुना विकताना

घ्यायचाच असेल तर आठव्या पिढीच्या खालचा लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दुकानातच अबाऊटचं पान उघडून प्रोसेसर वाचा. घरातला हळू चालणारा लॅपटॉप यादीत बसत असेल तर नुसती एसएसडी आणि थोडी रॅम वाढवल्यावरही बराच पळतो.

विकण्याआधी आधार, मार्कशीट, फोटो यांची प्रत काढा आणि मगच मशीन 'रीसेट' करून सगळं पुसा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. अगदी निकामी मशीन भंगारात टाकू नका. बॅटरी आणि सर्किटमध्ये शिसं आणि इतर घातक रसायनं असू शकतात. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यानुसार ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं.

आज रात्री एवढं करा : अबाऊटचं पान उघडा, प्रोसेसरचा नंबर वहीत लिहा, मुदतवाढीची नोंदणी करा. १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोपर्यंत पैसे जमवायला आणि शांतपणे ठरवायला वेळ मिळेल.